पट अकरा, कागदावर नऊ

शाळेचं नाव देत नाही. दिलं तर तिथल्या गुरुजींना उगीच दोन खुलासे जास्त लिहावे लागतील. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला, गगनबावडा-राधानगरीच्या बाजूला सह्याद्रीच्या कडेवर जे धनगरवाडे आहेत, त्यांतल्या एका वाड्यावरची ही जिल्हा परिषदेची शाळा. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे पाटीवर ‘विद्या मंदिर’, वर्ग पहिली ते पाचवी. मी त्या केंद्राचा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा, केंद्रप्रमुख होतो. सप्टेंबर २०२३ पासून पुढचं दीड वर्ष ही शाळा खालच्या गावच्या शाळेत मिसळायची की नाही, यावर कागद फिरत राहिले. त्यांतला एक कागद माझ्या सहीचा होता आणि तो चुकीचा होता. मे २०२५ अखेर मी निवृत्त झालो, तेव्हा आता हे लिहायला हरकत नाही.

वाडा

सतरा-अठरा घरं. म्हशी, थोडी शेळ्या-मेंढरं, उतारावर नाचणा आणि ओढ्याकाठी भाताची चार-सहा खाचरं. शाळा २००१ मध्ये वस्तीशाळा म्हणून सुरू झाली, बिरोबाच्या देवळाच्या सोप्यात. त्या वर्षांत सरकार शाळा नसलेल्या वस्त्या शोधत हिंडत होतं. वाड्यावरचाच बारावी झालेला एक पोरगा तुटपुंज्या मानधनावर निमशिक्षक म्हणून शिकवायला लागला. पुढे सर्व शिक्षा अभियानातून दोन खोल्या झाल्या, वस्तीशाळेची नियमित शाळा झाली, दोन शिक्षक मिळाले. एका वर्षी पट २६ होता. हजेरीपत्रक मी स्वतः पाहिलं आहे.

मग तरणी जोडपी उतरायला लागली. कोणी गोकुळ शिरगावच्या, कोणी शिरोलीच्या एमआयडीसीत, कोणी इचलकरंजीला मागावर. पोरं आई-बापाबरोबर जाणारच. पट घसरला की बैठकीत पहिला प्रश्न येतो, ‘शिकवता काय तुम्ही?’ कोल्हापूर शहरात जरगनगरच्या महापालिका शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पालक रांगा लावतात. तिथल्या आणि वाड्यावरच्या शिक्षकाची पदविका तीच, पुस्तकं तीच. सरकारी शाळा चांगली चालली की गर्दी होते हे जरगनगरनं दाखवलं, ते खरंच आहे. पण गर्दी व्हायला आधी आजूबाजूला माणसं लागतात. वाड्यावर घरांनाच कुलपं लागत होती.

२०२३ च्या जूनमध्ये पट अकरा. पाच मुली, सहा मुलगे. शिक्षक दोन, त्यांतले एक बदलीच्या वाटेवर.

अंतर

२१ सप्टेंबर २०२३ ला शिक्षण आयुक्तालयाचं पत्र आलं. २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करता येतील का, प्रस्ताव पाठवा. नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळा. राज्यात अशा १४,७८३ शाळा, १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक असल्याचा आकडा तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आला होता. भागाकार केला तर शाळेमागे साडेबारा मुलं आणि दोन शिक्षक. मंत्रालयातल्या टेबलावरून हे चित्र कसं दिसत असेल, ते समजू शकतो. मी त्या माणसाला खलनायक समजत नाही.

आमच्याकडे तक्ता आला. शाळा, यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), पट, जवळची शाळा, अंतर. माहिती नेहमीप्रमाणे ‘आज सायंकाळपर्यंत’. माझ्याकडे अशा तीन शाळा होत्या. गट साधन केंद्रात बसून मोबाईलच्या नकाशावर वाड्याची शाळा आणि गावची शाळा असे दोन ठिपके धरले. सरळ रेष साडेनऊशे मीटर दाखवत होती. मी ०.९५ कि.मी. लिहिलं आणि सही केली.

मधे दरी आहे. पायवाट खाली उतरते, ओढा ओलांडते आणि पलीकडे चढते. ही वाट २.४ किलोमीटर भरते. गाडीरस्त्यानं वळसा घातला तर सहा किलोमीटरच्या वर. दरीच्या दोन कडांवर उभं राहून हाक मारली तर ऐकू येते, ते अंतर मी लिहून दिलं होतं. या वाटेनं मी स्वतः पंधरा-वीस वेळा घाम पुसत गेलेलो. तरीही लिहिलं. रकाना भरायचा होता, भरला.

महाराष्ट्राच्या शिक्षण हक्क नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी. ०.९५ म्हणजे शाळा ‘आत’. आत असली की वाड्याची शाळा बंद करायला नियमाची आडकाठी राहत नाही, आणि समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून मिळणारा वाहतूक भत्ताही लागू होत नाही. एका आकड्यानं दोन्ही दारं लागली. त्याच नियमांत लिहिलं आहे की अवघड डोंगर, दरड, पूर किंवा वाटेत लहान मुलांना धोका असेल तिथं तो टळेल अशा तऱ्हेनं शाळेची जागा ठरवावी. प्रशिक्षणात हे मीच वाचून दाखवायचो.

आधार

१५ मार्च २०२४ ला संच मान्यतेचे, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवण्याचे, नवे निकष आले. सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी मुलं असतील तर त्या वर्गांना शिक्षकच मंजूर नाही, हा त्यातला सगळ्यात टोचणारा भाग. गंमत अशी की खालच्या गावच्या शाळेत, म्हणजे वाड्याची मुलं जिथं पाठवायची तिथंच, सहावी ते आठवीत सतरा मुलं होती. तिथले मुख्याध्यापक हवालदिल. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, ‘साहेब, वाड्यावरच्या पाचवीच्या दोघांना तरी पुढच्या वर्षी आमच्याकडेच लावा. मी एकोणिसावर येतो, एखादं कुठूनही आणतो.’ बुडणारा माणूस दुसऱ्या बुडणाऱ्याचा हात धरू पाहतो, तसं ते होतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत महिना १५,००० रुपयांवर कंत्राटी शिक्षक नेमायचा निर्णय निघाला. आधी मर्यादा वीस होती, शिक्षकांनी विरोध केल्यावर ती दहावर आली. आमच्या वाड्याचा पट अकरा. गुरुजी म्हणाले, ‘वाचलो.’

वाचले नव्हते. संच मान्यतेसाठी पट धरला जातो तो हजेरीपत्रकावरचा नाही, आधार वैध झालेला. अकरापैकी एका मुलीच्या आधारावर जन्मतारीख वेगळी, शाळेच्या दाखल्यावर वेगळी. एका मुलाचं आधार काढलेलंच नव्हतं, कारण त्याचा जन्म मेंढरांमागं फिरताना झाला आणि जन्मदाखला कुठल्या ग्रामपंचायतीनं द्यायचा यावर दोन वर्षं वाद चालला होता. दोघंही रोज शाळेत यायची. मुलगी तर पाढ्यांत वर्गात पहिली. पण पोर्टलवर पट नऊ दिसायचा.

दुरुस्तीसाठी तालुक्याच्या आधार केंद्रावर जायचं म्हणजे मुलीच्या आईचा एक दिवस बुडणार, रोजगार जाणार, एसटीचं भाडं वेगळं. तिसऱ्या खेपेला यंत्रानं बोटांचे ठसे घेतले नाहीत. लहान वयाच्या ठशांचं असं होतं म्हणतात. गुरुजींनी पदरमोड करून चौथी खेप केली, तीही सर्व्हर बंद म्हणून फुकट गेली. मुदत संपली आणि नऊ हा आकडा पक्का झाला.

हिशेब

प्राथमिक शिक्षकाची वेतनश्रेणी २९,२०० पासून सुरू होते. त्यावर महागाई भत्ता आणि बाकीचं. दोन शिक्षकांचं वर्षाचं मिळून नऊ मुलांत वाटलं तर मुलामागचा खर्च शहरातल्या नामांकित इंग्रजी शाळेच्या फीला लाजवेल. त्यामुळे ‘छोट्या शाळा स्वस्त असतात’ असं कोणी म्हणालं तर मी मान डोलावणार नाही. महागच असतात.

पण पगार वजा केला की काय राहतं? शाळेला समग्र शिक्षेतून संयुक्त शाळा अनुदान येतं. तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये. त्यात खडू, डस्टर, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता आणि वीजबिल सगळं. पट एकतीस झाला की २५,०००. पावसाच्या माऱ्यानं उडणारे कौलाचे तुकडे पट विचारत नाहीत. तीस मुलांच्या शाळेचं छप्पर आणि नऊ मुलांच्या शाळेचं छप्पर सारखंच गळतं, पण तक्ता बनवणाऱ्यानं छपराची गणती केलेली नाही, डोक्यांची केली आहे.

दुसरीकडे, शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांसाठी राज्य खाजगी शाळेला एका मुलामागे १७,६७० रुपये प्रतिपूर्ती मान्य करतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट द्यायचा बदल झाला होता, तो मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये रद्द केला. बरं झालं. कोल्हापुरात घरकाम करणाऱ्या बाईचा मुलगा चांगल्या शाळेत बसला, याचं मला वाईट का वाटावं? पण या जागा शहरात असतात. वाड्यावरच्या मुलाला त्या हक्काचा उपयोग, त्यानं वाडा सोडला तरच. धनगर समाजाच्या मुलांना नामांकित इंग्रजी निवासी शाळांत सरकारी खर्चानं शिकवायची योजनाही आहे. तीही उतरून येणाऱ्यासाठी. मिळून सगळ्या योजनांचं म्हणणं एकच निघतं: खाली ये, मग बघू.

विलीनीकरणातून वाचणारा पैसा म्हणजे मुख्यतः शिक्षकांचा पगार. त्या बदल्यात वाहतूक भत्ता द्यायचा झाला तर मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ६,०००, अकरा मुलांचे ६६,०००. कागदावर सरकारचा फायदाच फायदा. पण दरी तिथंच राहते. आजवर रोज गुरुजी ती ओलांडून वर येत होते, आता अकरा पोरांनी ओलांडायची. खर्च वाचला नाही, पाय बदलले.

एक रुपया

कोल्हापुरात शाळेवर बोलायला लागलं की शाहू महाराजांचं नाव येणारच. पालकसभेत एका पुढाऱ्यानं ते घेतलंही आणि चहा पिऊन गेला. पण प्रकरणाशी त्याचा खराच संबंध आहे, म्हणून थोडं.

१९१७ मध्ये महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. त्याआधी पाचच वर्षांपूर्वी, १९१२ मध्ये, कागल-कोल्हापुरात शिकलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळानं फेटाळलं होतं. पैसा कुठून आणायचा हा तेव्हाही मोठा आक्षेप. महाराजांनी इमारती होईपर्यंत थांबायचं ठरवलं नाही. देवळं, धर्मशाळा, चावड्या शाळेला द्या म्हणाले. चिखलीसारख्या खेड्यापासून सुरुवात झाली. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एका छपराखाली बसवायचा हुकूम निघाला. दंडाचा रुपया सगळ्यांना आठवतो. दंड करण्याआधी शाळा गावात नेली होती, हे सांगायचं राहून जातं.

१९९२ पासून महाराष्ट्र सरकारनं दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीच्या मुलींना शाळेत आल्याबद्दल रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. न आल्याचा महिना एक रुपया दंड ते आल्याचा रोज एक रुपया भत्ता, एवढा प्रवास पाऊण शतकात झाला. आणि १ एप्रिल २०१० पासून, शिक्षण हक्क कायद्यानं, सक्तीचं बंधन मुख्यतः सरकारवर आहे. कायद्यात तसं लिहिलेलं आहे. पण शाळा किती मुलांमागे उघडायची हा आकडा नियमांत आला आणि त्या आकड्याखालच्या वाड्यांना कायदा ‘वाहतूक किंवा निवासाची सोय’ या एका वाक्यात बसवून मोकळा झाला.

कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आमच्याच जिल्ह्यातले, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. आयोगानं शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च सांगितला होता आणि सगळ्यांची मिळून एक सार्वजनिक शाळाव्यवस्थाही. सहा टक्क्यांवर भाषणं होतात, दुसऱ्या गोष्टीवर कोणी बोलत नाही.

पालकसभा

ऑक्टोबर २०२४. भात कापणीला आलेलं, म्हणून सभा रात्री देवळात. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षा एक बाई, स्वतः चौथी शिकलेल्या. गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून विस्तार अधिकारी आले होते. त्यांनी समजावलं. मोठ्या शाळेत मुलांना सोबती मिळतील, विषयाला वेगळा शिक्षक, संगणक, खेळ, शिष्यवृत्तीची तयारी. त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. कोल्हापुरात शिष्यवृत्ती परीक्षेचं वेड आहे, आणि पाच इयत्ता एका गुरुजींनी सांभाळताना त्या तयारीला वेळ कुठून येणार?

अध्यक्षा बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘सायेब, पोरं न्यायला आमची ना न्हाई. पर ओढ्याला पानी आलं की तुम्ही काय करनार?’

‘पावसात सुट्टी देऊ.’

‘किती?’

विस्तार अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, ‘जून सरता सरता ओढा भरतो, सप्टेंबरपर्यंत भरवसा नाही.’

‘म्हंजे चार म्हयने साळा बंद. मग साळा कशाला म्हनायचं?’

मागून एक म्हातारा बोलला. त्याला शाळेचं काही पडलं नव्हतं असं मला इतके दिवस वाटायचं. ‘गवा हुबा ऱ्हातोय वाटंला. मानूस मागं फिरतो, पोर न्हाई फिरत, बघत बसतं.’

नंतर एका तरुण बापानं वेगळाच सूर लावला, आणि तो मला जास्त लक्षात राहिला. ‘मला साळा खालीच पायजे. हितं एक मास्तर, त्यो बी निम्मं दिस मीटिंगला. माझं पोरगं तिसरीत हाय, त्याला वाचाय येत न्हाई. वाट करून द्या, गाडी द्या, मी खाली धाडतो.’ सभा गप्प झाली. तो खोटं बोलत नव्हता. दुसऱ्या शिक्षकाची बदली झाली होती, बदली शिक्षक आलेला नव्हता, आणि राहिलेले गुरुजी मतदार यादी, आधार, पोषण आहाराची ऑनलाइन नोंद आणि माझ्याच बैठका यांत अडकलेले. ‘शाळा वाचवा’ म्हणणाऱ्यांच्या लेखांत हा बाप सहसा नसतो.

ठराव झाला: शाळा बंद करू नये, दुसरा शिक्षक द्यावा, पाचवीनंतरच्या मुलांना गाडीची सोय करावी. सभेतल्या बायांनी एकमेकींकडे बघून अंगठे उठवले. सही करणाऱ्या तिघी होत्या, त्यांनी सावकाश, एकेक अक्षर काढत केली.

पुढे

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना बरोबर घेतलं, मोबाईलवर चालल्याचं अंतर मोजणारं अॅप लावलं आणि वाड्यापासून गावच्या शाळेपर्यंत पायवाटेनं गेलो. दुसरीतली दोन पोरं हौसेनं बरोबर आली. २.४ किलोमीटर, बावन्न मिनिटं, आणि तेव्हा ओढ्यात फक्त घोट्याएवढं पाणी होतं. जुना दाखला रद्द करून नवा लिहिला. ‘आधीचे अंतर नकाशावरील सरळ रेषेने घेतले होते, ते ग्राह्य धरू नये’ असं स्वतःच्या हातानं लिहिणं सोपं नव्हतं. कारणे दाखवा नोटीस येईल असं वाटलं होतं, आली नाही. कोणी तो कागद एवढा बारकाईनं वाचलाच नसावा.

विलीनीकरणाचा प्रस्ताव आमच्या तालुक्यातून पुढे गेला नाही. दाखल्यामुळे, ठरावामुळे, की विधानसभेची निवडणूक आली म्हणून, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. हिवाळ्यात डी.एड. झालेली एक मुलगी कंत्राटावर रुजू झाली. भुदरगडकडची, चांगली शिकवायची. पहिली-दुसरीला तिनं फरशीवर खडूनं गिरवून घेतलं, तिसरीतलं ते पोरगं मार्चपर्यंत वाचायला लागलं. त्याचा बाप आता गाडी मागत नाही. मुदत संपली तशी ती गेली. जाताना वर्गाची किल्ली गुरुजींच्या हातात देऊन म्हणाली, ‘पाढ्यांचा तक्ता काढू नका हं.’

पाचवीचे दोघे पास झाले. मुलगा मामाच्या गावी गेला, तिथं हायस्कूल आहे. मुलगी, तीच ती पाढ्यांत पहिली असलेली, आधारात जन्मतारीख चुकलेली, तिच्या आईनं खाली गावात चुलत बहिणीकडे ठेवायचं ठरवलं, निदान पाऊस सरेपर्यंत. तसं झालं तर गावच्या शाळेचे अठरा होणार होते.

माझ्या शेवटच्या महिन्यात नवीन वर्षाची माहिती पुन्हा ऑनलाइन भरायची होती. अंतराच्या रकान्यात २.४ भरलं. पावसाळ्याचा रकाना नव्हता, म्हणून शेऱ्यात लिहिलं: ‘जून ते सप्टेंबर ओढ्यास पाणी, पायवाट बंद.’ संध्याकाळी तालुक्यातून ऑपरेटरचा फोन आला. भला पोरगा, अडल्या कामाला नेहमी धावून येणारा.

‘साहेब, ते शेऱ्यातलं आहे ना, ते सिस्टिम घेत नाही. काढून टाकू?’

म्हटलं, ‘काढू नकोस. घेईपर्यंत भरत राहा.’